मान वजनाने शिकते

ग्रासिंदाने डोक्यावरचं ओझं कधी पाडलं नव्हतं. नदीवरून चढणीने घागरी आणल्या, ओल्या धुण्याची बोचकी आणली, ऑलिव्हच्या करंड्या आणल्या. एकदा तर सोसाट्याच्या वाऱ्यात धाकट्या भावाचा पाळणा आणला, आत भाऊ गाढ झोपलेला. पण चुंबळीवरून कधी काही घसरलं म्हणून नाही. आमच्याकडे या चुंबळीला सासू म्हणतात. डोक्यावर बसते आणि उतरायचं नाव घेत नाही, दुसरं काय म्हणणार? ग्रासिंदाने लग्न केलं नाही, तेव्हा तिच्या नशिबी ही एवढी एकच सासू. हा विनोद गावात इतका झिजला होता की कुणी करायच्या आत तीच करून मोकळी व्हायची.

घरोघरी नळ आले, घागरी कोनाड्यात गेल्या, तरी तिची मान तशीच राहिली. सरळ, भरलेली, मागून बघितलं तर पंचविशीतली वाटावी अशी. आणि दर चार वर्षांनी जुलैत तोमार शहरात जत्रा भरायची, तिच्या आदल्या हिवाळ्यापासूनच गावातल्या पोरी तिच्याच अंगणात शिकायला यायच्या. त्या जत्रेत मुली डोक्यावर पावांचे मनोरे घेऊन शहरभर फिरतात. टोपलीत उभ्या काठ्या, काठ्यांत ओवलेले तीस पाव, मधे कागदी फुलं आणि गव्हाच्या ओंब्या, शेंड्यावर मुकुट आणि पवित्र आत्म्याचं पांढरं कागदी कबूतर. मनोरा उचलणारीच्या उंचीचा असावा लागतो, तो नियम. बाजूला पांढऱ्या सदऱ्यातला एक पुरुष चालतो, तोल गेला तर सावरायला. उन्हातान्हात तासन् तास ते डोक्यावर घेऊन चालायचं म्हणजे खायचं काम नाही. पोरी रडकुंडीला यायच्या. ग्रासिंदा एकीचीही गय करायची नाही.

"मान दुखते? दुखू दे. मान वजनाने शिकते," हे तिचं पालुपद. "आज रिकामी टोपली, उद्या एक पाव, परवा दोन. शाळेत गेलात तेव्हा पहिल्या दिवशी धडा वाचलात का?"

ओतीलिया हे सगळं उंबऱ्यात बसून बघायची. ग्रासिंदाच्या बहिणीची ती मुलगी. बहीण गेली तेव्हा पोर लहान होती, तेव्हापासून मावशीच तिची आई. ओतीलिया डाउन सिंड्रोम घेऊन जन्मली होती. गावाकडे त्याला दुसरे शब्द आहेत, ते इथे लिहायची माझी इच्छा नाही. बुटकी, गोलमटोल, हसली की डोळे मिटून जाणारी, आणि अंगाने लोण्यासारखी. विशी ओलांडली तरी पायाचा अंगठा नाकाला लावायची, कान खांद्याला टेकवायची. लग्नाकार्यात कुणी म्हणायचा अवकाश, "ओतीलिया, दाखव गं!" की ती दाखवायची आणि सगळे टाळ्या पिटायचे. ग्रासिंदाही पिटायची. एवढं सैल बाहेर दिसतं तर आत काय असेल, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. कसं येणार? माणूस हसत असतो तेव्हा विचार करत नाही.

अशाच एका खेपेला, हिवाळ्याच्या तोंडी, ओतीलियाने उंबऱ्यातून उठून विचारलं, "माझा कुठाय?"

"तुझा काय?"

"मनोरा. सगळ्यांना आहे. माझा कुठाय?"

शेजारची फेलिज्मिना कुंपणावर हात टेकून उभी होती. ती म्हणाली, "अगं, देऊन टाक की तिलाही. बुटकी आहे, मनोरा पण बुटका होईल. देवाला काय, तो काही टेप घेऊन बसलेला नाही." फेलिज्मिनाची जीभ म्हणजे कात्री, पण त्या दिवशी ती प्रेमाने बोलली होती. तिचा मुलगा अदेलीनु, ट्रक चालवणारा आडदांड गडी, लगेच पुढे झाला. "मी चालतो हिच्या बाजूला. काय गं, नवरदेव म्हणून चालेन का?" आणि त्याने ओतीलियाच्या मानेवर मागून चापट मारली. ही आमच्याकडच्या पुरुषांची खोड. मित्र भेटला, चापट. भाचा पास झाला, चापट. मानेवर, मागून, सगळा पंजा पसरून. ज्याच्यावर जीव जास्त त्याला जरा जोरात. ओतीलिया खिदळली. जत्रेच्या मंडळींनीही नाही म्हटलं नाही, आणि ग्रासिंदाने सगळ्या गावादेखत देवाला तो मनोरा बोलला.

हिवाळाभर शिकवणी चालली. आधी नुसती चुंबळ, मग रिकामी टोपली, मग आठवड्याला एक पाव. आणि काय सांगू, पोरगी शिकली! अंगणातल्या अंजिराला वळसा घालून यायची, हात सोडून, छाती पुढे काढून. मागच्या पोरी टोपल्या पाडत होत्या आणि ही पाडत नव्हती. ग्रासिंदा रोज तिच्या मानेवरून हात फिरवायची. मान टणक होत चालली होती. कणीक तिंबून तिंबून घट्ट व्हावी तशी. त्या हिवाळ्यात ग्रासिंदाइतकं सुखी माणूस पंचक्रोशीत नसेल.

वसंतात ओतीलिया चर्चच्या पायऱ्या उतरताना भिंतीला धरू लागली.

"म्हातारी झालीस का गं माझ्याआधी?" ग्रासिंदा म्हणाली. मग एक दिवस सूप पिताना तिच्या हातातून चमचा पडला. दुसऱ्या दिवशी परत पडला. ओतीलियाने चमच्याकडे असं बघितलं, जसा काही तोच खोडी काढतोय. डोकं एका बाजूला कलतं ठेवायची तिला सवय लागली, शेजारी कुणी कानात बोलतंय अशी. फेलिज्मिना कुंपणावरून म्हणाली, "वाईन प्यायला देतेस का पोरीला? चाल बघ तिची." ग्रासिंदाने तिला चार शब्द सुनावले. आणि मग एका सकाळी ओतीलियाची गादी ओली निघाली. लहानपणानंतर कधी झालं नव्हतं ते. ओतीलिया कोपऱ्यात तोंड लपवून उभी राहिली, आणि ग्रासिंदा तिलाच रागावली. "जत्रेची धास्ती घेतलीस म्हणून हे! एवढी मोठी घोडी!"

एकदा टोपली उतरवताना तिला ओतीलियाच्या मानेत आवाज ऐकू आला. टक्. बारीकसा, दाराची कडी बसावी तसा. ओतीलिया म्हणाली, "मावशी, पायात मुंग्या पळाल्या."

ग्रासिंदाच्या मनात पाल चुकचुकली. हो, चुकचुकली, तिनेच पुढे सांगितलं. पण मग तिने केलं काय? तिच्या आईने, आजीने जे केलं असतं तेच केलं. डुलणाऱ्या मानेला औषध एकच. रात्री ऑलिव्हचं तेल चोळलं आणि सकाळी टोपलीत एक पाव वाढवला.

जत्रेच्या आठवड्यात ती स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणायला दवाखान्यात गेली, ओतीलियाला सोबत घेऊन. डॉक्टरीणबाई नवीन होत्या. त्यांनी ग्रासिंदाच्या दंडाला पट्टा बांधला आणि बघत राहिल्या ओतीलियाकडे, ती पाण्याच्या नळाकडे कशी चालत जाते ते.

"ही कधीपासून अशी चालते?"

"कशी?"

डॉक्टरीणबाईंनी ओतीलियाला खुर्चीत बसवून गुडघ्यावर छोटी हातोडी टेकवली. पाय असा उडाला की ओतीलियाच हसायला लागली. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्याच दुपारी शहरात मानेचे एक्स-रे झाले, एक सरळ, एक मान जरा पुढे, एक मागे. संध्याकाळी दोघी परत त्यांच्या समोर बसल्या. ओतीलियाला त्यांनी बाहेर बिस्किटं देऊन बसवलं. डॉक्टर पोराला बाहेर बसवतात तेव्हा काय असतं, ते बहिणीच्या वेळी ग्रासिंदाने बघितलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी एका हाताच्या बोटाअंगठ्याचं कडं केलं आणि दुसऱ्या हाताचं बोट त्यात खालून उभं घातलं.

"डोकं ज्या हाडावर टेकतं ना, ते असं नुसतं कडं आहे. त्याच्या खालच्या हाडाला वर आलेला खुंटा असतो. जात्याची वरची तळी खुंट्याभोवती फिरते तसं डोकं त्याच्याभोवती फिरतं. तुम्ही 'नाही' म्हणून मान हलवता, ती तिथेच."

"बरं."

"आणि त्याच कड्यातून, खुंट्याच्या मागून, मज्जारज्जू खाली जातो. हात, पाय, श्वास, सगळं त्याच्यावर चालतं. आता मला सांगा, खुंटा मागे सरकून त्याच्यावर पडत का नाही?"

"हाड असेल मधे."

"हाड नाही. तिथले सांधे सपाट आहेत, गुळगुळीत, फिरता यावं म्हणून. ते धरून ठेवत नाहीत. खुंटा जागेवर राहतो तो मागून घातलेल्या एका आडव्या बंधामुळे. करंगळीपेक्षा अरुंद असतो तो. वरून कवटीला बांधणारे दोन बारके बंध आहेत, पण खरी भिस्त त्या आडव्या बंधावर. ओतीलियाचा तो सैल आहे. अशा काही मुलांचा जन्मापासूनच असतो. तिने मान खाली घातली की खुंटा मागे जातो आणि मज्जारज्जू चेपतो. म्हणून चाल बिघडली, म्हणून हातातून वस्तू पडतात. अंथरूणही ओलं होत असेल."

ग्रासिंदा घाईघाईने म्हणाली, "पण तिची मान मी घट्ट केलीय बाई. हात लावून बघा. दगड आहे दगड."

"बघितली मी. स्नायू घट्ट झालेत, खरंय. स्नायू वजनाने शिकतात. बंध शिकत नाही. तो फक्त ताणला जातो, आणि एकदा ताणला की परत येत नाही."

"म्हणजे हे मी केलं?"

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे न बघता एक्स-रे पाकिटात सरकवले. तेवढं ग्रासिंदाला पुरलं. "तुम्ही केलं नाही," त्या म्हणाल्या. "पण वजनाने भलंही झालं नाही. आता ऐका. सोमवारी कोइंब्राच्या इस्पितळात खाट मिळतेय. ती दोन हाडं स्क्रूने एकमेकांना जोडून टाकतील. तोवर हा मानेचा पट्टा काढायचा नाही. वजन नाही, मान वाकवणं नाही, आणि गर्दीत तर मुळीच नाही. गाडीचा एक ब्रेक, मागून कुणी आदळलं, बस्स, एवढं पुरे आहे. हातपाय कायमचे जातील. श्वासही थांबू शकतो. कळलं ना?"

"कळलं."

जत्रा रविवारी होती.

घरी येऊन तिने ओतीलियाला शेजारी बसवलं. "या वेळी मनोरा मावशी उचलणार."

"का? मी पाडेन?"

"नाही गं, तू नाही पाडणार."

"मग?"

"तुझी मान आजारी आहे, बाळा."

ओतीलियाने जरा विचार केला. "मान शिकली," ती म्हणाली. "तूच म्हणालीस."

ग्रासिंदा उठून चुलीपाशी गेली आणि कोबीचं सूप ढवळत राहिली, ते करपेपर्यंत.

तिने ओतीलियाला घरीच ठेवायला हवं होतं. मला माहीत आहे, तुम्हालाही माहीत आहे, तिलाही माहीत होतं. पण देवाला बोललेला मनोरा घरात ठेवायचा नसतो. आणि ओतीलियाला कोंडून ठेवावं तर ती दारावर डोकं आपटणारी पोर, आणि डोकं आपटणं म्हणजे मरणच. आपल्या बाजूलाच चालवत हळूहळू नेऊ, ग्रासिंदाने मनाशी ठरवलं. गावाला मात्र तिने खरं सांगितलं नाही. पोरीला ताप येऊन गेला, अशक्तपणा आहे, एवढंच. झाकली मूठ सव्वा लाखाची. खरं सांगायचं तर तिला लाज वाटत होती. अख्ख्या गावाच्या पोरींना मान शिकवणारी बाई, आणि घरच्याच पोरीच्या मानेत तिने काय करून ठेवलं!

"ताप?" फेलिज्मिना म्हणाली. "ग्रासिंदा, हौस आहे तर हौस म्हण की! म्हातारपणी मिरवायचं असेल तर पोरीच्या तापाचं नाव कशाला?" ग्रासिंदाने तेही गिळलं.

रविवारी तोमारच्या खिडक्याखिडक्यांतून रेशमी पलंगपोस लोंबत होते, रस्त्यावर हिरवा पाला आणि फुलं पसरली होती, आणि ऊन असं की दगड चटके देत होते. ओतीलियाने पांढरा झगा घातला होता, निळा पट्टा तिरका, आणि गळ्याशी दवाखान्यातला तो पांढरा पट्टा, वरून रुमाल बांधलेला. चर्चच्या दारात फेलिज्मिना भेटली. "हे काय गळ्याला? बघू बघू, काय लपवलंय?" तिचा हात पुढे आला. ग्रासिंदाने झटकन तिला अडवलं, रुमालाखालून पट्टा सोडवला आणि आपल्या झग्याच्या खिशात कोंबला. "काही नाही. घामोळ्या आल्यात म्हणून बांधलं होतं." मिरवणूक संपेपर्यंतच, ती स्वतःला म्हणाली. संपली की लगेच बांधू.

घंटा झाली. शेकडो मनोरे एकदम वर गेले. तरण्या पोरींच्या रांगेत साठी ओलांडलेली ग्रासिंदा उभी राहिली, डोक्यावर तिच्या छातीएवढा मनोरा. लोक हसले. "आजीबाई, मनोरा आटला का धुण्यात?" तिने लक्ष दिलं नाही. तिच्या एका बाजूला अदेलीनु, दुसऱ्या बाजूला ओतीलिया, रुसलेली. चालता चालता तिची हनुवटी खाली जायची.

"समोर बघ ओतीलिया."

हनुवटी वर यायची. मग परत खाली.

"समोर बघ म्हटलं ना!"

डोक्यावर ओझं असलं की मान वळवता येत नाही. आयुष्यभर ग्रासिंदाला त्याचं काही वाटलं नव्हतं. त्या दिवशी ती डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघून बघून रडकुंडीला आली. निळ्या पट्ट्याचा तुकडा दिसायचा, नाहीसा व्हायचा. मागून कुणाचं तरी पोर रांगेत घुसलं की ती कोपर बाहेर काढायची. बँड वाजत होता, वरून फुलं पडत होती, आणि तिच्या डोक्यात एकच चाललं होतं, कड्यातला खुंटा, आणि त्याच्या मागे ती मऊ दोरी.

मोठ्या चौकात मनोरे उतरवून आशीर्वाद झाला. अदेलीनु तेवढ्यात दोन पेले वाईन मारून आला. परत घंटा झाली, परत मनोरे वर. ग्रासिंदाने श्वास घेतला, मनोरा उचलला, चुंबळीवर बसवला. आता शेवटचा टप्पा. ऊन मागून येत होतं आणि सगळ्यांच्या सावल्या पुढच्या फरशीवर पडल्या होत्या.

"काय गं नवरी," मागून अदेलीनुचा आवाज आला, "तोंड का पाडून बसलीस? थांब, तुला हसवतो."

फरशीवर ओतीलियाची बुटकी सावली होती, मान खाली घातलेली. तिच्या मागे अदेलीनुची सावली सरकली. आणि त्या सावलीचा हात वर गेला, पंजा पसरलेला.

ग्रासिंदाने मनोरा सोडला.

दोन्ही हात काढून ती गर्रकन वळली आणि तिने त्याचं मनगट हवेतल्या हवेत धरलं. मागे मनोरा कोसळला. काठ्या मोडल्या, पाव चौकभर उड्या मारत गेले, कबूतर एका पोरीच्या पायाखाली गेलं. बँड अर्ध्यावर थांबला. जत्रेत मनोरा पडणं म्हणजे केवढा अपशकुन, ते आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. बायांनी छातीवर क्रूस काढला.

"तिच्या मानेला हात लावू नकोस!" ग्रासिंदा ओरडली. आवाज तिचा वाटतच नव्हता. "मेलास तरी लावू नकोस! तिची मान आत सुटलीय. धक्का लागला तर जाईल ती. मला डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि मी लपवलं. मी वजन चढवत बसले तिच्यावर. पोरीचे पाय लटपटत होते आणि मी पाव वाढवत होते. मी!"

अदेलीनु आपल्या हाताकडे बघत राहिला. मनगट तिने अजून सोडलं नव्हतं. त्याच्या तोंडावरची वाईन खाडकन उतरली होती. "मावशी, मला काय माहीत?" एवढंच तो पुटपुटला, लहान पोरासारखं. फेलिज्मिना गर्दीतून पुढे आली. आता ही काय बोलते म्हणून सगळे बघत होते. खाली बसून तिने एक पाव उचलला, धूळ झटकली, पडलेल्या अन्नाचा मुका घेतात तसा घेतला आणि ओच्यात टाकला. मग दुसरा.

ग्रासिंदाने खिशातून पट्टा काढला आणि सगळ्या चौकासमोर ओतीलियाच्या गळ्याला बांधला.

ओतीलियाचं लक्ष पट्ट्याकडे नव्हतंच. ती चुरगळलेल्या कबुतराकडे बघत होती. "पाडलास," ती म्हणाली. "तू माझा मनोरा पाडलास."

कोइंब्राला सोमवारी नेलं, आणि हाडं जोडली. चाल पुष्कळशी परत आली, उजव्या हातातला चमचा मात्र अजून कापतो. डोकं आता फारसं वळत नाही. बाजूला बघायचं तर ओतीलिया अख्खी वळते, पायांसकट, कपाट सरकवावं तशी. अदेलीनु हल्ली कुणालाही भेटला तरी हात खिशात ठेवतो. अंगणात शिकायला पोरी येतात, ग्रासिंदा त्यांना परत पाठवते.

आणि दारावरून कुणीही गेलं, ओळखीचं, बिनओळखीचं, तरी ओतीलिया उंबऱ्यातून उठते, सगळ्या अंगाने त्याच्याकडे वळते आणि आत बोट दाखवून सांगते, "मावशीने मनोरा पाडला. मी नसता पाडला."

आतून ग्रासिंदा दर वेळी उत्तर देते. "नसताच पाडला गं," ती म्हणते. "तू नसताच पाडला."